अर्धा कप तरी घ्या

माझ्या नोकरीबद्दल कोणी विचारलं की माझा नवरा अविनाश माझ्याआधी उत्तर देतो. "हिला गप्प बसायचा पगार मिळायचा," तो म्हणतो. "घरी मात्र ही सेवा एक दिवससुद्धा दिली नाही." लोक हसतात. मीही हसते, कारण त्यात खोटं काहीच नाही.

मी मूळची चिंचवडची. आमच्या घरात सहा बायका एकाच वेळी बोलायच्या आणि सगळ्यांना सगळं ऐकू यायचं. पुण्यात सतरा वर्षं मनोरुग्णांच्या वॉर्डात सिस्टर होते, मग इकडे न्यूझीलंडमध्ये हॅमिल्टनला आले आणि इथेही तेच काम केलं. दोन्हीकडे मी बोलून बोलूनच निभावलं. पेशंट चिडलेला असो, रडवेला असो, नाहीतर दोन दिवस भिंतीकडे तोंड करून बसलेला असो, मी आपली शेजारी खुर्ची ओढून सुरू व्हायची. आणि निवृत्तीला चार वर्षं राहिली असताना एका अशा कामात शिरले, जिथे पहिलाच नियम होता की तुम्ही तोंड बंद ठेवायचं.

काम काय होतं ते आधी सांगते, नाहीतर तुम्ही पुढचं सगळं भलत्याच नजरेने वाचाल.

काही माणसांना चारचौघांची भीती वाटते. लाजाळूपणा वेगळा. लाजाळू माणूस कार्यक्रमाला उशिरा येतो आणि कोपऱ्यात बसतो. हा माणूस येतच नाही. दुकानात "पिशवी नको" एवढं म्हणायचं तर त्याला घाम फुटतो. फोन वाजला की पोटात गोळा येतो. आपण काहीतरी वेडंवाकडं करू आणि सगळे बघतील, या एका विचारापायी त्याचा दिवसच्या दिवस जातो. याला सोशल अँग्झायटी म्हणतात. नेहमीच्या गोळ्या आणि समुपदेशन यांनी पुष्कळांना बरं वाटतं, काहींना वाटत नाही. अशा न वाटणाऱ्यांपैकी थोड्यांसाठी आमच्या लहानशा क्लिनिकमध्ये संशोधन म्हणून, रीतसर परवानगी काढून, एमडीएमए देऊन उपचार चालायचे.

हो, तेच. पार्टीत पोरं घेतात तेच. हे कळल्यावर आमच्या इथल्या मराठी मंडळातल्या दोघातिघांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं होतं, "शैलाताई, एखादी गोळी आम्हालाही मिळेल का? सासूबाई यायच्या आहेत भारतातून, तीन महिने." मी म्हटलं, सासूबाईंना द्यायची की तुम्हाला, ते आधी ठरवा.

चेष्टा सोडा. पार्टीतल्या गोळीत काय काय कालवलेलं असतं देव जाणे, आणि तिथे तुमचं हृदय, रक्तदाब, आधीची औषधं बघायला कोणी नसतं. आमच्याकडे औषध लोखंडी कपाटात बंद असायचं आणि दोघांच्या सह्यांशिवाय बाहेर यायचं नाही. आधी डॉक्टरांच्या तपासण्या. मग आमच्याबरोबर तीन बैठका, नुसत्या ओळखीच्या आणि तयारीच्या. मग औषधाचे दोन दिवस, महिन्याच्या अंतराने, सकाळी नऊपासून संध्याकाळपर्यंत. पेशंट पलंगावर पडलेला, डोळ्यांवर पट्टी, कानात संगीत, आणि दोन बाजूंना आम्ही दोघं जण. औषधाने भीती काही तास खाली बसते. ती बसलेली असताना माणूस जे बघतो, जे बोलतो, त्यावर पुढचे कित्येक आठवडे बोलत राहायचं. खरं काम ते. गोळी गिळली आणि झालं, असं नाही.

आम्ही दोघं म्हणजे मी आणि हेमी. हेमी इथल्या मूळच्या माओरी लोकांतला, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, दरवाजातून जरा वाकूनच आत यावं लागेल एवढा उंच, आणि उन्हाळा-हिवाळा पायात जँडल्स, म्हणजे आपल्या रबरी चपला. मला हे काम त्याने शिकवलं. पेशंट रडला तर टिश्यूचा डबा पुढे करायचा नाही, कारण त्याचा अर्थ "आवरा आता" असा होतो. हसला तर का हसलास विचारायचं नाही. मागितल्याशिवाय पाणी नाही, हात नाही, धीर नाही. "शायला," तो म्हणायचा, "तू फक्त तिथे अस." फक्त असायचं! चिंचवडच्या बाईला! पहिल्या महिन्यात मी अक्षरशः स्वतःचे हात मांडीखाली दाबून बसायची.

नाना तऱ्हांची माणसं बघितली. एक डेअरी फार्मर होता, साठीचा, तो सहा तास फक्त त्याच्या एका गाईबद्दल बोलला आणि जाताना म्हणाला की एवढं तर मी बायकोशीही कधी बोललो नाही. पुढच्या वेळी बादलीभर फिजोआ, इकडची पेरूसारखी फळं, घेऊन आला. आणि एक शिक्षिका होती. तिच्यावर औषधाने काहीच झालं नाही. दोन्ही वेळा. "मी कुठे कमी पडले?" असं तिने मला विचारलं, आणि त्या वेळी खरंच बोलायला हवं होतं तर मला शब्द सुचले नाहीत. ती नंतर आली नाही. अजूनही सुपरमार्केटच्या रांगेत पाठमोरी कोणी तिच्यासारखी दिसली की मी मान उंच करून बघते.

पण बघूनही हाक मारता येत नाही. आमचा आणखी एक नियम. क्लिनिकबाहेर पेशंट दिसला तर आपण ओळख दाखवायची नाही. त्याने आधी दाखवली, तरच आपण दाखवायची. मी आज ज्यांची गोष्ट सांगतेय, त्यांनी हे वाचून, दोन ठिकाणी माझं शुद्धलेखन सुधारून, मग छापायला हो म्हटलंय. नावं तेवढी सगळ्यांची बदलली आहेत.

त्यांना मिलिंद म्हणू. वय एकोणपन्नास, मूळचे पुण्याचे इंजिनियर, इथे दुधाची पावडर करणाऱ्या एका कारखान्यात. आमच्या मंडळात मिलिंदरावांना केवढा मान! निर्व्यसनी माणूस, साधा चहासुद्धा घेत नाही. मितभाषी, कोणाच्या अध्यात ना मध्यात. आणि देशभक्त, कारण बायको-मुलीने न्यूझीलंडचं नागरिकत्व घेतलं तरी यांनी भारताचा पासपोर्ट सोडला नव्हता. आमच्यातल्या एका काकांनी तर गणपतीच्या भाषणात त्यांचं उदाहरण दिलं होतं. मिलिंदराव तेव्हा हॉलमध्ये नव्हते. ते कधीच नसायचे. त्यांची बायको वृंदा यायची आणि सांगायची, "त्यांना काम आहे हो."

तर एके दिवशी पुढच्या पेशंटची फाइल आली आणि नाव बघून मी उडालेच. हेमीला म्हटलं, मी यांना ओळखते, म्हणजे यांच्या घरच्यांना ओळखते. रीतीप्रमाणे डॉक्टरांनी त्यांना विचारलं की या नर्स तुमच्या भाषेच्या, तुमच्या समाजातल्या आहेत, चालतील का? ते म्हणाले, चालेल. मी खूश. इथे आल्यापासून इतक्या वर्षांत पहिला मराठी पेशंट!

हेमी मात्र म्हणाला, "ते हो म्हणाले, की त्यांना नाही म्हणता आलं नाही?"

मी म्हटलं, काहीतरीच तुझं. आमच्या माणसांना मी ओळखते.

पहिल्या बैठकीला मिलिंदराव आले. सडपातळ, इस्त्रीचा शर्ट, हात खिशात. मी काय करावं? मी मराठी बाई, समोर मराठी माणूस, बाहेर जुलैचा, म्हणजे इकडच्या भर हिवाळ्याचा गारठा. घरून आलं आणि गवती चहा आणला होता. क्लिनिकच्या किचनमध्ये मस्त उकळून, कपबशीत ओतून, बशीत दोन बिस्किटं ठेवून त्यांच्यासमोर धरला.

"मी चहा घेत नाही," ते म्हणाले.

"अहो, असं कसं? एवढी थंडी आहे. आल्याचा आहे."

"नाही, खरंच नको."

"अर्धा कप तरी घ्या! माझ्यासाठी."

त्यांनी कप घेतला. म्हणजे मी तो हातात दिलाच. कप बशीवर खडखडायला लागला, इतका की मला वाटलं त्यांना थंडी भरून आलीय. चहा बशीत सांडला, बिस्किटांवर, मग शर्टाच्या बाहीवर. मी "असू दे, असू दे" म्हणत फडकं घेऊन धावले आणि त्यांची बाही पुसायला लागले. त्यांनी कप टेबलावर ठेवला, "एक मिनिट" म्हणाले आणि बाहेर गेले. मी पाच मिनिटं थांबले. दहा मिनिटांनी खिडकीतून बघितलं तर पार्किंगमधली त्यांची गाडी गेली होती.

फाइल तोवर मी वाचलेली होती बरं का. तिच्यात स्वच्छ लिहिलेलं होतं की चारचौघांत हात थरथरतात, त्यामुळे कोणासमोर खाणं, पिणं, सही करणं टाळतात. वाचून समजलं होतं, पण चहा म्हणजे खाणंपिणं हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आल्या माणसाला चहा द्यायचा, तो नको म्हणणार, आपण आग्रह करायचा, मग तो घेणार. हे आपल्यात इतकं ठरलेलं असतं की नको म्हणजे नको असूही शकतं, हे सदतीस वर्षांच्या नोकरीत मला सुचलं नव्हतं. अशी चूक दुसऱ्या कुठल्या नर्सने केली नसती. इथली गोरी नर्स एकदा विचारते आणि गप्प बसते.

हेमीला सगळं सांगितलं. तो रागावला असता तर बरं वाटलं असतं. तो म्हणाला, "फोन करू नकोस. फोनची त्यांना धास्ती आहे. एक मेसेज कर. एकच."

मी मेसेज लिहायला अर्धा दिवस घेतला आणि शेवटी एवढाच पाठवला: "चहाचं माझं चुकलं. तुम्ही नको म्हणाला होतात. पुन्हा आलात तर चहा नाही, आग्रह नाही आणि बडबडही कमी. नाही आलात तरी तुमचं काही चुकलेलं नाही. शैला."

अकरा दिवस काही नाही. त्या अकरा दिवसांत मी घरी इतकी गप्प होते की अविनाशने माझा ताप बघितला. बाराव्या दिवशी उत्तर आलं: "कियोरा. मंगळवार चालेल." कियोरा म्हणजे इकडचा माओरी नमस्कार. मी किचनमध्ये उभ्या उभ्या रडले. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या आणि डाळीचा पार लगदा झाला.

मंगळवारी हेमीने मिलिंदरावांना पुन्हा पहिल्यापासून विचारलं. दुसरी नर्स देऊ शकतो, काहीच हरकत नाही, नाही म्हणालात तर आम्हाला उलट बरं वाटेल. 

"मराठीच हवी," ते म्हणाले. "गोऱ्यांसमोर मला भीती वाटते, पण सहन होते. मराठी माणसांसमोर नाही होत. मग यांच्यासमोरच करायला पाहिजे ना?" आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "आग्रह केला म्हणून माफी मागणारं माणूस मी पहिल्यांदा बघितलं."

त्या दिवशी त्यांनी का आलो ते सांगितलं. स्वतःसाठी ते कधीच आले नसते. इतकी वर्षं भागवलंच होतं त्यांनी. ऑफिसात मॉर्निंग टी असला की ते प्लांटमध्ये राउंडला जायचे. बढती दोनदा नाकारली. आणि पासपोर्टचं म्हणाल तर, नागरिकत्वाचा समारंभ असतो, स्टेजवर नाव पुकारतात, मेयर हात हातात घेतो, सगळे टाळ्या वाजवतात. "देशभक्ती कसली हो," ते म्हणाले. "मला स्टेजवर चढता येत नाही." बिचारे आमचे भाषण ठोकणारे काका!

"पण आता ईशा..." ते म्हणाले.

ईशा त्यांची मुलगी. सतरा वर्षांची, शाळेच्या शेवटच्या वर्षाला. डबा भरलेला परत यायला लागला होता. विचारलं की म्हणायची, "आय वॉजन्ट हंग्री." मैत्रिणींच्या पार्ट्यांना जाईनाशी झाली. एकदा ते तिला शाळेतून घ्यायला लवकर गेले, तर ती पार्किंगच्या टोकाला, झाडामागे उभी राहून, पाठ फिरवून, घाईघाईने सँडविच खात होती. त्यांना बघितल्यावर तिने राहिलेलं दप्तरात कोंबलं.

"मला भूक नाही, हे वाक्य माझं आहे," मिलिंदराव म्हणाले. "ती माझ्याकडून शिकली. तिला वाटतं माणसं अशीच असतात. मी तिला काय सांगू? घाबरू नकोस? मी?"

यानंतर मी घरी जाताना गाडी बाजूला लावून पाच मिनिटं बसून राहिले. पोरीचा जीव यात अडकलाय हे कळल्यावर, आधी माझ्या एका कप चहाने मी काय घालवून बसले असते, हा विचार डोक्यातून जाईना.

औषधाचा दिवस सप्टेंबरात आला. आधी हेमीने विचारून एक छोटी माओरी प्रार्थना म्हटली. मिलिंदरावांनी कॅप्सूल घेतली, म्हणजे आम्ही दोघांनी खिडकीकडे तोंड केलं आणि मग त्यांनी घेतली, कारण आमच्यासमोर पाण्याचा ग्लास उचलायची त्यांची तयारी नव्हती. रक्तदाब बघितला, पट्टी बांधली, आणि आम्ही बसलो.

पहिला तास शांत. दुसऱ्या तासाला ते बोलायला लागले, मराठीत. हेमीला एक अक्षर कळत नव्हतं, तरी तो असा ऐकत होता की मला माझीच लाज वाटली. मिलिंदराव त्यांच्या लग्नाआधीचं बोलत होते. वृंदाच्या घरी बघायला गेले होते, पोहे झाले, चहाचा ट्रे आला. हात थरथरायला कॉलेजच्या तोंडी परीक्षांपासूनच लागले होते. वीस माणसं बघताहेत. त्यांनी कप उचलला आणि तो वाजायला लागला. शेजारी त्यांची मावशी होती. तिच्या लक्षात आलं. तिने झटकन कप त्यांच्या हातातून काढून घेतला आणि हसत म्हणाली, "अहो, आमचा मिलिंद चहा घेतच नाही!" वृंदाचे वडील खूश झाले. केवढा निर्व्यसनी मुलगा!

"मावशीने वाचवलं मला," मिलिंदराव पट्टीखालून म्हणाले. "प्रेमाने वाचवलं. आणि मग बावीस वर्षं मी चहा घेत नाही. वृंदा रोज सकाळी एकटी पिते. मी ऑफिसला जाताना वाटेतल्या दुकानातून घेतो आणि गाडीत पितो. काचा वर करून." आणि ते हसायला लागले. हसता हसता रडायला लागले. टिश्यूचा डबा माझ्या हाताशी होता. मी हात मांडीखाली घातले.

मग त्यांनी पट्टी काढली, उठून बसले आणि पाणी मागितलं. मागितलं! हेमीने ग्लास दिला. या औषधाने मुळातच थोडी थरथर होते, त्यामुळे त्यांचा हात नेहमीपेक्षा जास्तच हलत होता. पाणी हनुवटीवरून शर्टावर गेलं. माझा सगळा जीव त्या ग्लासात. उठून धरावा, आधार द्यावा, पुसावं. मी हलले नाही.

मिलिंदरावांनी ग्लास खाली ठेवला, हात डोळ्यांसमोर धरला आणि एखाद्या लहान पोराकडे बघावं तसं त्याच्याकडे बघितलं.

"बघा हो शैलाताई, कसा हलतोय बिचारा," ते म्हणाले. "आणि मी याला इतकी वर्षं खिशात कोंडून ठेवला."

हेमीने माझ्याकडे बघितलं. त्याला भाषांतर हवं होतं. नंतर सांगते, असं मी खुणेने म्हटलं.

संध्याकाळी औषध उतरल्यावर हेमीच्या पद्धतीप्रमाणे खाणंपिणं असायचं. त्याच्या लोकांत रीत आहे, असं काही गंभीर झालं की शेवटी एकत्र खायचं, म्हणजे माणूस पुन्हा रोजच्या जगात येतो. त्याने टोस्ट केला आणि स्वतःसाठी चहा. मी मेसेजमध्ये तर चहा नाही असा शब्द दिला होता. मिलिंदरावांनी वाफेकडे बघितलं.

"मी चहा घेतो," ते म्हणाले. "मला फार आवडतो. पण आज नको."

"स्वीट ॲज," हेमी म्हणाला, म्हणजे काही हरकत नाही, आणि टोस्टला लोणी लावत बसला. मी एक शब्द बोलले नाही. अविनाश, वाचतोयस ना?

पेशंटने त्या दिवशी गाडी चालवायची नसते, म्हणून वृंदा न्यायला आली होती. पुढे काय झालं ते त्यांनी पुढच्या बैठकीत सांगितलं. वाटेत सुपरमार्केटशी ते तिला म्हणाले, "वृंदा, गाडी थांबव. मला चहा आवडतो." तिला आधी वाटलं औषध डोक्यात गेलं. मग त्यांनी मावशीपासून सगळं सांगितलं. ती ऐकून घेऊन म्हणाली, "बावीस वर्षं मी एकटी पितेय. बावीस वर्षं मला वाटलं, या माणसाला माझ्यासोबत दहा मिनिटं बसायचं नसतं." तीन दिवस ती बोलली नाही. चौथ्या दिवशी सकाळी ओट्यावर दोन कप होते. पहिले काही दिवस वृंदा पाठ करून भांडी घासत उभी राहायची आणि हे टेबलाशी प्यायचे. मग ती शेजारी बसायला लागली. कप वाजायचा. वाजू दे, म्हणायची.

औषधाचा दुसरा दिवस महिन्याने झाला आणि त्यात विशेष काही घडलं नाही, चांगली झोप काढली त्यांनी. नंतरच्या बैठकांत मात्र घाम गाळला. क्लिनिकच्या रिसेप्शनसमोर उभं राहून सही करणं. ऑफिसच्या मॉर्निंग टीला पाच मिनिटं जाणं. हात थांबवायचा प्रयत्न करायचा नाही, हलू द्यायचा. एकदा मेयरच्या समारंभाचं बोलले, म्हणाले बघू. ईशाबद्दल विचारलं की सांगायचे, "तिला सगळं सांगितलंय. ती 'ओके' म्हणाली आणि खोलीत गेली. डबा अजून परत येतो." तिथे आमची मुदत संपली. डिसेंबरात मी निवृत्त झाले. फाइल बंद, आणि ईशाचं काय झालं ते मला कळायची सोय राहिली नाही. वृंदा मंडळात भेटायची, पण मी काय विचारणार? कशी आहेस, मजेत. एवढंच.

पुढचे गणपती आले. आमचे गणपती एका शाळेच्या हॉलमध्ये असतात, रविवारी दुपारी. आरती झाली, प्रसाद झाला, नळ लावलेल्या मोठ्या पिंपातून चहा सुरू झाला. त्या हॉलच्या किचनमध्ये जाड पांढऱ्या कपबश्या आहेत, तिथल्या म्हाताऱ्या बायकांच्या वेळच्या. मी खुर्चीवर बसले होते आणि दारातून मिलिंदराव आत आले. मागे वृंदा, तिच्या मागे ईशा, आईपेक्षा उंच, हुडीच्या बाह्या तळव्यांपर्यंत ओढलेल्या. मी लगेच नजर वळवून समोरच्या मखराकडे बघायला लागले. नियम म्हणजे नियम.

जरा वेळाने तो आवाज ऐकू आला. कप बशीवर खडखडतोय. एक नाही, दोन. आवाज हॉलच्या त्या टोकाकडून माझ्या दिशेने येत होता आणि वाटेत बोलणाऱ्या बायका एकेक गप्प होत होत्या. भाषणवाले काका मोठ्याने म्हणाले, "अरे मिलिंद! तू कधीपासून चहा घ्यायला लागलास?"

"पहिल्यापासून," मिलिंदराव म्हणाले.

 मिलिंदराव माझ्यासमोर येऊन उभे राहिले. दोन्ही हातांत कपबशी, दोन्ही हात हलताहेत, बश्या चहाने भरलेल्या, कान लालबुंद.

"नमस्कार शैलाताई," ते म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "ओळखलंत ना? अर्धा कप तरी घ्या. अर्धाच राहिलाय."

मला रडायला येत होतं आणि हसायलाही येत होतं. पुढे होऊन पटकन कप धरावा असं हातांना झालं होतं. मी हात मांडीवर ठेवून वाट बघितली. त्यांनी स्वतः, दोन प्रयत्नांत, कप माझ्या हातात दिला. मग माझ्या शेजारी बसले, आपल्या बशीतला सांडलेला चहा तसाच बशी तोंडाला लावून भुरकन प्यायले. पंधरा-वीस माणसं बघत होती. बघून झाल्यावर आपापल्या गप्पांना लागली.

ईशा आमच्यासमोर उभी होती. तिने बाबाच्या हाताकडे बघितलं, मग एकदा सगळ्या हॉलकडे, सावकाश, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"बाबा, यू स्पिल्ड हीप्स," ती म्हणाली.

"हो गं. सांडला बराच."

"अँड नोबडी केअर्स."

"काकांनी जरा केअर केलं," मिलिंदराव म्हणाले.

ती हसली. मग हुडीची बाही मागे सारून म्हणाली, "इज देअर वन फॉर मी?"

मिलिंदराव उठायला लागले, पण ती म्हणाली, "नो, आय'ल गेट इट," आणि गेली. रांगेत उभी राहिली. कप घेतला, बशीत एक मोदक ठेवला आणि हॉलच्या अगदी मध्ये, बायकांच्या घोळक्याशेजारी उभी राहून तो मोदक खाल्ला. सारण हनुवटीवर लागलं होतं. वृंदाने लांबून बघितलं, ती हनुवटी पुसायला तिचा हात पदराकडे गेला, आणि तिने तो तिथेच थांबवला.

माझ्या कपातला चहा तोवर गार झाला होता आणि साखर फारच जास्त होती. मी तो शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले आणि उरलेला अर्धाही मागून घेतला.